राखीव रास

सरपणकाका हे नाव काकांना त्यांच्या बसमधल्या प्रवाशांनी दिलं होतं, आणि त्यात काही खोटं नव्हतं. काका टेकडीपासून स्टेशनपर्यंत बस चालवायचे, आणि वाटेत कुठे वाळलेलं झाड दिसलं की बसचा वेग आपोआप कमी व्हायचा. तिथे थांबा नसायचा, कुणी हात केलेला नसायचा, पण बस झाडापाशी अशी रेंगाळायची की मागून कुणीतरी विचारायचंच, झाड चढणार आहे का काका? सगळे हसायचे. काका हसायचे नाहीत. साल कुठून सुटलीय ते बघण्यात त्यांचं सगळं लक्ष असायचं.

सुटीच्या दिवशी जुन्या गाडीला मागे ट्रॉली जोडून काका बाहेर पडत. कुणाच्या कुंपणावर मोडून पडलेली फांदी, कुणाच्या परसातलं वठलेलं खोड, रस्ता रुंद करताना आडवं केलेलं झाड, काही म्हणजे काही त्यांना वर्ज्य नव्हतं. बेल वाजवून इतक्या अदबीने मागायचे की घरच्यांना वाटावं, हे मुलीला मागणी घालायला आलेत. त्यातही ओक म्हटला की काकांचा जीव वरखाली व्हायचा. ओक जड, ओक सावकाश जळतो, रात्री घातलेल्या ओकाचा निखारा सकाळी राखेखाली जिवंत सापडतो. पण त्याला सुकायला वेळ द्यावा लागतो, एक उन्हाळा पुरत नाही, दोन उन्हाळेही कधीकधी पुरत नाहीत. हे सगळं काका जेवताना सांगायचे. रोज. काकू एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यायच्या, निदान त्यांना तरी तसंच वाटायचं.

लाकूड सुकलं की नाही हे बघायची काकांची पद्धत ठरलेली होती. दोन तुकडे घ्यायचे आणि कानाजवळ एकमेकांवर आपटायचे. सुकलेला ओक टणकन वाजतो, ओला थपकन. ही खोड त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की जेवायला बसल्यावर पावाची कडसुद्धा ते ताटावर आपटून बघायचे. आणि लाकूड मनासारखं वाजलं की डोळे मिटून म्हणायचे, कोरडं आहे. इतक्या वर्षांच्या संसारात काकूंनी काकांच्या तोंडून कौतुकाचा म्हणून एवढाच काय तो शब्द ऐकला होता, आणि तोही लाकडाला मिळालेला.

तर या काकांच्या परसात एक शेड होती आणि शेडमध्ये ती रास होती. राखीव रास. निवडक ओक, सगळे तुकडे एका मापाचे, एकामागे एक अशा ओळी लावून भिंतीसारखे रचलेले. वर ताडपत्री. समोरच्या ओळीवरची धूळ काका दर सुटीला कुंच्याने झाडायचे. घरातल्या देव्हाऱ्याची धूळ कधी झाडली नसेल हो या माणसाने. रास कशासाठी राखीव, असं कुणी विचारलं की काका म्हणत, कडाक्याच्या थंडीसाठी. आणि थंडी काय, यायची. नळ गोठायचे, खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरायचा, काकू दोन स्वेटर घालून भांडी घासायच्या. काका बाहेर जाऊन आभाळाकडे बघून यायचे आणि सांगायचे, हा कडाका नव्हे. मग शेगडीत काय जायचं? फळांच्या खोक्यांच्या फळ्या, मोडक्या खुर्च्या, कुणी टाकून दिलेली दाराची चौकट. भुर्रकन पेटायचं आणि भुर्रकन विझायचं. सरपणाच्या डोंगरात राहून हे घर कुडकुडत होतं, आणि त्याचं काकांना काहीसुद्धा वाटत नव्हतं.

मग काकांची थोरली बहीण कायमची राहायला आली. यजमान गेल्यावर तिला एकटीला घर खायला उठायचं. काकू तिला वन्सं म्हणायच्या, आणि या दोघींचं पहिल्यापासून कधी पटलं नव्हतं. चहात साखर आधी की नंतर इथपासून ते खिडकी उघडी की बंद इथपर्यंत, एकीने पूर्व म्हटलं की दुसरीने पश्चिम म्हणायचंच. वन्संना मागची खोली दिली, ती घरातली सगळ्यात गार खोली. त्या हिवाळ्यात वन्सं रात्रभर खोकायच्या. भांडण आपल्या जागी, पण माणूस भिंतीपलीकडे खोकत असताना झोप कशी लागणार? एक दिवस काका कामावर गेल्यावर काकू शेडमध्ये गेल्या.

राशीच्या मागे आणि भिंतीच्या मध्ये काकांनी एक बोळ सोडलेला होता, कारण मागून वारा खेळला पाहिजे. काकांचं पोट त्या बोळात मावायचं नाही. काकू मावल्या. मागच्या ओळीतून त्यांनी एक तुकडा काढला, पदराआड आणला, शेगडीत घातला. त्या दिवशी घरात पहिल्यांदा ऊब आली. काका घरी आले, हात चोळत उभे राहिले, शेगडीचं दार उघडून वरवर रचलेल्या खोक्याच्या फळ्यांकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज चढलं की काकूंना खरं सांगवेना. काका म्हणाले, लाकडाला किंमत नसते, किंमत रचनेला असते. आज फळ्या आडव्या न लावता उभ्या लावायला सांगितल्या, बघ काय फरक पडला.

झालं. एकाचे दोन तुकडे झाले, दोनाचे टोपलीभर झाले. काकू मागून काढत गेल्या आणि काका पुढून रचनेचं शास्त्र सांगत गेले. शेजाऱ्यांना सांगितलं, बसमध्ये सांगितलं. लोक घरी येऊन शेगडीत डोकावून फळ्यांची मांडणी बघून जायचे आणि आपल्या घरी तशीच करून कुडकुडायचे. असे तीन हिवाळे गेले. काकूंचा हिशेब असा की मागच्या दोन ओळी गेल्या असतील, पुढे अजून भरपूर आहे. आपल्याशिवाय त्या बोळात जाणारं आहे कोण?

आणि अशात मुलीचा फोन आला. लेक बाळंत होऊन दोन महिने झाले होते, बाळाला घेऊन ती पुढच्या आठवड्यात माहेरी यायची होती, चांगली हिवाळा संपेपर्यंत राहायला. काकांनी फोन ठेवला, चष्मा काढून पुसला, परत घातला. मग उभे राहून जाहीर केलं की हाच तो कडाका. नात घरात आल्यावर राखीव रास उघडायची. इतकी वर्षं आपण ती कशासाठी सांभाळत होतो हे आपल्याला आज कळलं, असंही म्हणाले, आणि त्यांचा आवाज कापला. काकांचा आवाज कापलेला काकूंनी याआधी एकदाच ऐकला होता, एका ओकाला आतून वाळवी निघाली तेव्हा.

दुसऱ्या दिवशी बस टेकडी चढल्याची खात्री करून काकू शेडकडे धावल्या. बोळाच्या तोंडाशी पोचल्या, आणि समोरून वन्सं बाहेर येत होत्या. शालीखाली लाकूड. खांब आणि भिंत यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या जागेत दोघी नाकासमोर नाक अशा उभ्या राहिल्या. पुढे सरकायला जागा नाही, मागे सरकायची तयारी नाही.

वन्संनी आधी खोकला काढून बघितला. मग शाल सारखी केली. शेवटी म्हणाल्या, "तू चांगला पुढच्या खोलीत शेकतेस. माझ्या खोलीतली छोटी शेगडी कुणी पेटवायची?"

म्हणजे अंधारात चाचपत काकू डाव्या टोकाने काढत होत्या आणि वन्सं उजव्या टोकाने. दोघींना वाटत होतं आपण एकटीच चोर आहोत आणि बेताने चोरी करतोय. काकूंनी बॅटरी लावून आत बघितलं. रास नव्हतीच. समोरची एक ओळ उभी होती, काका झाडतात ती, आणि तिच्या मागे नुसता अंधार. नाटकातला पडदा असतो ना, समोरून राजवाडा आणि मागून बांबू, तसला प्रकार.

दोघी तिथेच खाली बसल्या. काकूंना रडू फुटायचं बाकी होतं. काकांना कळलं तर ते ओरडणार नाहीत, ओरडले असते तर परवडलं असतं. ते गप्प बसतील. राखीव रास ही एकच गोष्ट त्या माणसाने आयुष्यात मनापासून जपली, आणि रचना ही एकच गोष्ट स्वतःच्या डोक्याने शोधून काढली, आणि दोन्ही एका झटक्यात जाणार. वर बाळ. खोक्यांच्या फळ्यांवर दोन महिन्यांचं बाळ हिवाळा कसा काढणार? काकूंनी वन्संना स्पष्टच सांगितलं, रास भरायला हवी. सगळी नाही तर नाही, बाळाच्या मुक्कामापुरती तरी. आणि सुकलेलीच हवी, ओला ओक घातला तर घरात धूर होईल आणि हे वासावरूनच ओळखतील.

आता प्रश्न असा की ओक आणायचा कुठून? गावातलं एकूण एक मेलेलं झाड काकांना ठाऊक होतं. कुठून एक फांदी कमी झाली तरी संध्याकाळी जेवताना शोकसभा भरायची. काकू विचार करकरून थकल्या. तेव्हा वन्संनी कवळी हलवत हलवत सांगितलं की दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आडवं झालं की खिडकीतून त्यांचं मागचं आवार दिसतं, आणि तिथे एक भलामोठा ओक वठलेला आहे. वादळात त्याची एक फांदी, फांदी कसली, दुसरं झाडच ते, मोडून भिंतीवर अडकून राहिलीय. कित्येक वर्षं तशीच आहे. तिच्याकडे बघत बघतच वन्संनी सगळे दात काढून घेतले होते.

काकूंनी कपाळाला हात लावला. बरोबर. गावात काकांनी न पाहिलेलं झाड असलंच तर ते दातांच्या डॉक्टरकडेच असणार. त्या दारात काकांनी जन्मात पाऊल ठेवलं नव्हतं. दाढ सुजून गाल वर आला तरी लवंगेवर दिवस काढतील, पण तिकडे जाणार नाहीत. डॉक्टरचं नाव काढलं की ज्या माणसाला पन्नास प्रवासी घेऊन घाट उतरताना काही वाटत नाही, तो उठून थेट शेडमध्ये जायचा.

डॉक्टर भला माणूस होता. फांदी न्या, झाड न्या, भिंत मोकळी करा, उपकार होतील, म्हणाला. त्याची अट एकच होती, मोटारीची करवत चालवायची नाही. आत माणसं आ करून बसलेली असतात, बाहेर करवत सुरू झाली की खुर्चीतून उठून पळतात. दोघींच्या हे पथ्यावरच पडलं, कारण काकांची मोटारीची करवत नुसती जागची हलवली तरी त्यांना कळलं असतं. शेडच्या भिंतीवर एक जुनी लांब करवत टांगलेली होती, दोन्ही टोकांना मूठ असलेली, दोघांनी मिळून चालवायची. काकांनी ती भंगारातून उचलून आणली होती आणि कधी वापरली नव्हती. लाकडाच्या कामात त्यांना दुसरं माणूस चालायचंच नाही. तुम्हाला त्यातलं कळत नाही, म्हणायचे.

पहिल्या दिवशी तासभर त्या करवतीने या दोघींना रडवलं. काकू ढकलायच्या, वन्संही ढकलायच्या, पातं मधोमध वाकायचं आणि अडकायचं. तू जोर लावतेस, तुम्ही सोडत नाही, असं चाललेलं. आतून डॉक्टरांचं यंत्र कुंई करून थांबलं की बाहेर यांचं भांडण ऐकू यायचं. आणि मग काकूंना एकदम आठवलं. कधीतरी जेवताना काका म्हणाले होते, दोघांच्या करवतीत ढकलायचं नसतं, आपली पाळी आली की ओढायचं आणि दुसऱ्याची आली की सोडून द्यायचं. काकूंना वाटत होतं आपण ते ऐकलंच नाही. सगळं ऐकलेलं होतं. ओढायचं, सोडायचं. ओढायचं, सोडायचं. या नणंदभावजयांनी जन्मात एकमेकींना काही सोडलेलं नव्हतं, पण थोड्याच वेळात करवतीने सूर धरला आणि भुशाची धार लागली. फांदी जमिनीला टेकलेली नसल्यामुळे आतून खडखडीत होती, साल केव्हाच गळालेली, भुशाला आंबूस वास. वन्सं म्हणाल्या, थांबू नकोस, जमतंय.

फोडायच्या वेळीही तेच. काकूंनी पहिला घाव ओंडक्याच्या ऐन मध्यावर घातला आणि कुऱ्हाड अशी रुतली की कुऱ्हाडीबरोबर ओंडकाच वर यायला लागला. मग पुन्हा जेवणाच्या टेबलावरचं प्रवचन आठवलं. ओंडक्याच्या तोंडावर चिरा दिसतात, लाकूड कुठून उघडायचं ते लाकडानेच सांगितलेलं असतं. कडेनं सुरुवात करायची, गाठीच्या वाटेला जायचं नाही. काकूंनी चीर बघितली, पाय फाकवले, घाव घातला. ओंडक्याचे टचकन दोन झाले. काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून. खिडकीत डॉक्टर उभा होता आणि त्याच्या मागे तोंडात कापूस कोंबलेला एक गृहस्थ. दोघांनी टाळ्या वाजवल्या.

लाकूड घरी न्यायचं कसं? काकांची गाडी काढता येत नव्हती. बाळासाठी माळ्यावरून लेकीची जुनी बाबागाडी खाली काढून ठेवली होती. दोघींनी तिच्यात ओक भरला, वर दुपटं घातलं आणि भर दुपारी, भर रस्त्याने, करकर वाजत निघाल्या. रोज अशा खेपा. वाटेत बायका थांबवायच्या. आलं का बाळ? काकू म्हणायच्या, झोपलंय. वन्सं ओठांवर बोट ठेवायच्या. एका बाईला दुपटं बाजूला करून बघायचंच होतं, तिच्याकडे वन्संनी अशा नजरेने बघितलं की ती बाई मिठाईच्या दुकानात शिरली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दोन दिवसांनी काका घरी येऊन म्हणाले, बसमध्ये लोक अभिनंदन करतायत, नात फार गुणी आहे म्हणे, हूं की चूं करत नाही. काकू म्हणाल्या, लोकांना काय, येणार आहे म्हटलं की आलीच म्हणतात. काकांना पटलं. तसं काकांना काहीही पटायचं, लाकडाचं सोडून.

आठवडा संपेपर्यंत काकूंच्या तळहाताला फोड आले, फुटले आणि त्यांचे घट्टे झाले. वन्संचा खोकला म्हणजे नावालाही उरला नव्हता. आणि काकूंना आणखी एक रोग जडला होता, जो त्यांनी कुणाला सांगितला नाही. भाजी आणायला जाताना कुठे वाळकी फांदी दिसली की त्यांचे पाय रेंगाळायचे. समोरच्या ओळीमागे दोन ओळी भरून झाल्या, अगदी माणसाने भरल्यासारख्या, म्हणजे वाकड्यातिकड्या. पण पुढून दिसत नव्हतं. लेक यायच्या आदल्या संध्याकाळी दोघी शेडच्या दारात उभ्या राहून बघत होत्या, आणि वन्संनी काकूंच्या हातात चहाचा कप दिला. साखर कधी घातली होती ते काकूंनी विचारलं नाही.

लेक आली, बाळ आलं. बाळ पाहून काकांचं जे काही व्हायचं ते झालं. मग त्यांनी सगळ्यांना शेडमध्ये नेलं, लेकीलासुद्धा, बाळाला दुपट्यात गुंडाळून. ताडपत्री काढली. समोरच्या ओळीवर हात ठेवला. आणि तसेच उभे राहिले. काकूंनी वन्संकडे बघितलं. काकांनी हात फिरवला, एक तुकडा जरासा हलवला, परत आत ढकलला. मग बाहेर जाऊन आभाळाकडे बघून आले.

"आज काही एवढी नाहीये," काका म्हणाले. "महिन्याभरात खरी पडेल. आज फळ्यांवर भागेल. नीट रचतो मी."

तेवढ्यात बाळ शिंकलं. एवढंसं, चिमणीएवढं शिंकलं, पण काकूंच्या डोक्यातलं काहीतरी तुटलं. तळहाताचे घट्टे, करकरणारी बाबागाडी, ती भांडणं, ते ओढणं नि सोडणं, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि हा माणूस म्हणतो फळ्यांवर भागेल. काकू पुढे झाल्या आणि समोरच्या ओळीतला एक तुकडा त्यांनी दोन्ही हातांनी ओढला. तो निघाला. त्याच्या वरचे निघाले. मग ओळीचा अख्खा कोपरा धडधडत खाली आला आणि मागचं सगळं उघडं पडलं, मागचेही काही तुकडे घरंगळत आले.

काका वाकले. पायाशी पडलेला एक तुकडा त्यांनी उचलला, फिरवून बघितला, बोटाने कडा चाचपली.

"हा माझा घाव नाही," ते म्हणाले.

"माझा आहे," काकू म्हणाल्या. आणि मग काही राहिलं नाही. तीन हिवाळे, बोळ, पदराआडची लाकडं, सगळं त्यांनी सांगून टाकलं. वन्सं मध्येच म्हणाल्या, मीपण रे, उजव्या बाजूने. लेक बाळाला थोपटत एकदा आईकडे एकदा आत्याकडे बघत राहिली. काका ऐकत होते. शेवटी त्यांनी अगदी हळू विचारलं, "म्हणजे ती रचना?"

काकूंना वाटलं, खोटं बोलावं. पण आता खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "रचना कसली, ओक होता तो. पण चांगला होता हो तुमचा ओक. तीन हिवाळे त्याने आम्हाला जगवलं."

काका ओंडक्यावर बसले. अगदी काकूंना भीती होती तसेच, गप्प. काकूंना वाटलं, ओरडा ना काहीतरी, शिव्या द्या. मग काकांनी दुसऱ्या हाताने काकूंनी फोडलेला आणखी एक तुकडा उचलला, तिरका, एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक. दोन्ही कानाजवळ नेले आणि आपटले.

टण्.

काकांनी डोळे मिटले. पुन्हा आपटले. मग डोळे उघडून त्यांनी काकूंकडे बघितलं, त्यांच्या तळहातांकडे बघितलं.

"कोरडं आहे," काका म्हणाले.

काकूंना तोंड कुठे लपवावं कळेना. लग्नातसुद्धा त्या एवढ्या लाजल्या नव्हत्या. वन्संनी शालीने नाक पुसलं आणि भुसा उडतोय म्हणाल्या, जो उडत नव्हता. पण काका ते काकाच. त्यांनी तो तिरका तुकडा बाजूला ठेवला, मग दुसरा, मग तिसरा, नीट एकावर एक, आणि म्हणाले, हे जाळायचं नाही, हे राखीव. काकूंनी ते तिन्ही तुकडे उचलले, घरात नेले आणि शेगडीत घातले. काका मागे मागे हात पुढे करून येत होते. पोचेपर्यंत ते पेटलेही होते. ओल्या लाकडासारखा टोकांना फेस नाही, धूर नाही, सळसळ नाही, निवांत जळत होते. काका शेगडीपुढे उकिडवे बसून शेवटपर्यंत बघत राहिले. बाळ ताणून झोपलं.

जेवताना काकांनी पहिल्यांदा काही सांगितलं नाही, विचारलं. झाड कुठलं? काकूंनी सांगितलं. काकांचा घास हातातच राहिला. तिथे अजून खोड उभं आहे का? आहे, वन्सं म्हणाल्या, आणि चांगलं दोघींच्या कवेत न मावणारं आहे.

सकाळी काकू उठल्या तर काका बुटात पाय घालून दारात बसलेले, गालावर हात. दाढ दुखतेय, म्हणाले, बहुतेक दाखवावी लागेल. दुसऱ्या हातात भिंतीवरची ती लांब करवत होती. काकूंनी बाळ वन्संच्या मांडीवर दिलं आणि कोट चढवला.

"थांबा, मी येते," त्या म्हणाल्या. "एकट्याने नाही चालत ती."